अम्यूझमेंट पार्कचं मिस्टरी ऑडिट: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

पार्कात फुकट फिरायचं आणि वर पैसेही मिळतात, एवढंच ऐकून बरेच जण मिस्टरी ऑडिटकडे, म्हणजे गिऱ्हाईक बनून गुपचूप करायच्या तपासणीकडे, वळतात. पैसे मिळतात हे खरं. फिरणं मात्र विसरा. साध्या गिऱ्हाइकासारखं तिकीट काढून आत जायचं, नेमून दिलेल्या राइड घ्यायच्या, नेमून दिलेल्या काउंटरवर खायचं. हे सगळं करताना कोण काय बोललं, किती वाजता बोललं, रांगेत किती मिनिटं गेली हे डोक्यात साठवायचं आणि रात्री घरी येऊन लांबलचक फॉर्म भरायचा. आपण कोण आहोत हे पार्कात कुणालाही कळू द्यायचं नाही.

कपड्यांची दुकानं, बँका, मोबाइलची शोरूम, पेट्रोल पंप यांची मिस्टरी ऑडिट आपल्याकडे बरीच वर्षं चालतात आणि अर्ध्या-पाऊण तासात उरकतात. पार्कात मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत डझनभर माणसांशी गाठ पडते. पार्किंगवाला, तिकीट खिडकी, बॅग तपासणारी बाई, लॉकरवाला, राइड ऑपरेटर, लाइफगार्ड, फूड कोर्टातली पोरं, स्वच्छतागृहातल्या मावशी. प्रत्येकाची वेगळी नोंद लागते.

पार्कवाल्यांना हे हवं कशाला? किती तिकिटं खपली ते संगणक सांगतो, गर्दी किती ते सीसीटीव्हीवर दिसतं. पण ऑपरेटरने सेफ्टी बार खरोखर ओढून पाहिला की नुसता हात लावून पुढे सरकला, हे कॅमेऱ्यात नीट कळत नाही. गूगलवर एक तर पाच तारे, नाहीतर एक. मधलं लिहायला कुणाला सवड नसते. आणि मॅनेजर स्वतः राउंडला निघाला, की वॉकीटॉकीवर वर्दी त्याच्या आधी पोचलेली असते. म्हणून बाहेरचा माणूस लागतो.

१. काम मिळवायचं कसं

पार्क सहसा थेट माणसं घेत नाही, मध्ये एजन्सी असते. बेअर इंटरनॅशनल, एचएस ब्रँड्स, फ्लोअरवॉक अशा काही एजन्सी भारतात काम करतात. त्यांच्या अधिकृत साइटवर जाऊन नोंदणी करा. पॅन, बँक खातं, शहर, वय, घरात कोण कोण आहे, गाडी आहे का, अशी माहिती विचारतात. काही ठिकाणी एक छोटा नमुना-मजकूर लिहून मागतात. तो हलक्यात घेऊ नका, त्यावरूनच तुम्हाला काम द्यायचं की नाही हे ठरतं.

पार्कच्या कामाला कुटुंबवाल्यांना मागणी जास्त. लहान मूल असलेलं जोडपं, सोबत एखादे आजी-आजोबा, हे प्रोफाइल एजन्सीला आवडतं, कारण मुलाचं तिकीट, उंचीचं मोजमाप, व्हीलचेअर, बेबी फूड असं सगळं एकाच फेरीत तपासून होतं. मुलांची उंची प्रोफाइलमध्ये नक्की भरा. पार्कात मुलांचं तिकीट बहुतेक वेळा वयावर नव्हे तर उंचीवर ठरतं, आणि राइडवर घ्यायचं की नाही तेही उंचीवरच.

एक गोष्ट ठणकावून सांगतो. नोंदणीसाठी, ट्रेनिंगसाठी, ‘प्रीमियम असाइनमेंट’साठी कुणी पैसे मागितले की तिथेच थांबायचं. या व्यवसायाची एमएसपीए नावाची जागतिक संघटना आहे, तिचंही म्हणणं हेच, की शॉपरकडून, म्हणजे अशी तपासणी करणाऱ्याकडून, काम देण्याचे पैसे घ्यायचे नसतात. टेलिग्रामवर ‘हॉटेलला रेटिंग द्या, रोज हजार कमवा’ म्हणणारे या धंद्यातले नव्हेत. आधी शे-दोनशे खात्यात टाकतात आणि मग मोठा ‘डिपॉझिट’ मागतात. फसलात तर १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. पैसे अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी वेगळ्या सापळ्यापासून सावध राहावं. तिथे मिस्टरी शॉपिंगच्या नावाने बनावट चेक पाठवतात, तो खात्यात भरायला लावून त्यातली रक्कम पुढे पाठवायला सांगतात, आणि काही दिवसांनी चेक वटला नाही म्हणून बँक सगळे पैसे तुमच्याकडून वसूल करते.

२. होकार देण्याआधी ब्रीफ वाचा

असाइनमेंटसोबत येणारं माहितीपत्रक म्हणजे ब्रीफ. ते किमान दोनदा वाचा, दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन. भेट शनिवार-रविवारीच हवी आहे की मधल्या वारी? कोणत्या राइड सक्तीच्या? जेवण कोणत्या काउंटरवर, आणि त्याला मर्यादा किती? दुकानातून काही विकत घ्यायचं आहे का? फोटो हवेत का? रिपोर्टची मुदत किती? बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंतच असते, म्हणजे रविवारी रात्री दमून आल्यावर झोपायचं नाही.

मग हिशेब. पुण्याहून खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचं तर पेट्रोल, एक्स्प्रेसवेचा टोल आणि पार्किंग आलं. मुंबईहून गोराईच्या वॉटर किंगडमला जायचं तर फेरीबोट आली. यातलं एजन्सी काय देते आणि काय देत नाही हे होकार देण्याआधी मेलवर विचारून घ्या, फोनवर नको. बोटीच्या रांगेत गेलेला वेळ पार्कच्या खात्यात धरायचा का, हेही विचारा. नाहीतर जेट्टीवरच्या वैतागाचे गुण बिचाऱ्या तिकीट खिडकीवाल्याचे कापले जातात. चौघांचं तिकीट आधी तुमच्या खिशातून जाणार आणि परतफेड व्हायला महिना-दीड महिना सहज लागतो. तेवढे पैसे अडकवायची तयारी नसेल तर सरळ नाही म्हणा.

माझं स्पष्ट मत सांगतो. तासाला किती पडले असा हिशेब करायला बसलात तर हे काम परवडत नाही. पार्क आवडतात, माणसं बघायला आवडतात आणि लिहायचा कंटाळा नाही, अशांनीच करावं.

भाऊ, मेहुणी, शेजारी असं कुणी त्या पार्कात किंवा त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे नोकरीला असेल तर आधीच कळवा.

३. आदल्या दिवसाचा फोन

पुष्कळदा ब्रीफमध्ये चौकशीचा फोनही असतो. किती रिंगनंतर उचलला, नाव सांगितलं का, मराठीत विचारल्यावर कोणत्या भाषेत उत्तर आलं, होल्डवर किती वेळ ठेवलं. वेबसाइटवर ठळक लिहिलेलं विचारू नका. ‘सासूबाईंचे गुडघे दुखतात, आत व्हीलचेअर मिळेल का? तिचं भाडं किती?’ असं काही विचारा. समोरच्याला माहिती आहे की तो वेळ मारून नेतोय, हे अशा प्रश्नातच कळतं. मिळालेलं उत्तर शब्दशः लिहून ठेवा, कारण दुसऱ्या दिवशी गेटवर तोच प्रश्न विचारून दोन्ही उत्तरं ताडून बघायची असतात.

४. नोंदी ठेवायच्या, पण वही काढायची नाही

नवशिक्यांना सगळ्यात जड जातं ते हेच. रांगेत उभं राहून डायरीत लिहिणारा माणूस पार्कात दुसरा कुणी नसतो.

सोपा उपाय म्हणजे मोबाइल. हल्ली सगळेच सतत मोबाइलमध्ये असतात, त्यामुळे टाइप केलंत तर कुणी बघत नाही. स्वतःलाच व्हॉट्सअॅप पाठवा, वेळ आपोआप पडते. राइडच्या पाटीसमोर मुलांचा फोटो काढा. रांगेत कधी शिरलात याचा पुरावा तयार. बाहेर आल्यावर आणखी एक काढा. दोन फोटोंमधलं अंतर म्हणजे रांग अधिक राइड. मी बऱ्याचदा फोन कानाला लावून व्हॉइस नोट करतो: ‘हो गं आई, सव्वाअकराला लागलो रांगेत, आता बारा वाजत आले... नाही, पाणी नाही इथे, पंखे आहेत पण दोन बंद...’ शेजारच्याला वाटतं मुलगा आईशी बोलतोय.

वॉटर पार्कात ही सगळी सोय जाते, फोन लॉकरमध्ये. पाण्यात चालणारं घड्याळ लागतंच, आणि गळ्यात अडकवायचा प्लास्टिकचा पाऊच चालतो का ते आधी बघा. मोठ्या स्लाइडवर तो काढायला लावतात. मग एक-दोन राइड झाल्या की लॉकरपाशी या, पाणी प्यायच्या निमित्ताने नोंदी करा, परत जा. तीन राइडच्या वेळा एकदम लक्षात ठेवायचा प्रयत्न करू नका. त्या एकमेकींत मिसळतात आणि रिपोर्ट तपासणाऱ्याला ते लगेच दिसतं.

माणसांची नावं बॅजवरून घ्या. बॅज नसेल तर तीही नोंद आहे. वर्णन लिहायचं ते गणवेशाचा रंग, अंदाजे वय, चष्मा, दाढी, केसांची ठेवण यांवरून. रंग, जाडी, ‘अमुक भागातला वाटत होता’ असलं काही लिहायचं नाही.

सोबतच्या मोठ्या माणसांना कामाची कल्पना द्या, लहानांना नको. भर काउंटरवर ‘बाबा, हे पण लिहायचंय का?’ असं विचारायला त्यांना वेळ लागत नाही.

५. गेट

पार्किंगपासूनच मोजायला लागा. पाट्या दिसतात का, पैसे घेतल्यावर पावती मिळते का, उन्हात किती चालावं लागतं. तिकीट खिडकीवर दोन गोष्टी बघायच्या: मुलाची उंची खरंच मोजली की नुसत्या नजरेने ठरवली, आणि महागडा पास विकताना त्यात काय मिळतं आणि काय नाही हे सांगितलं का.

बॅग तपासणीत खरी परीक्षा असते. बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत हे आपल्याला माहीत असतं, तरी प्रत्येक घरची आई थेपले नाहीतर चकली कुठेतरी दडवतेच. नियम पाळला गेला का, याइतकंच तो कसा पाळला गेला हेही लिहा. ‘ताई, हे इथे ठेवा, जाताना टोकन दाखवून घेऊन जा’ म्हणणं वेगळं आणि डबा उचलून टोपलीत टाकणं वेगळं. बाळाचं खाणं आणि औषधं अडवली का, बायकांची झडती बायकांनीच आणि आडोशाला घेतली का, हेही पाहा.

६. राइडवर

पार्क मुख्यतः यासाठी पैसे मोजतं. रांगेत शिरल्याची वेळ, बसल्याची वेळ, आणि पाटीवर ‘३० मिनिटं’ लिहिलं असेल तर प्रत्यक्षात लागलेला वेळ या तीन नोंदी अनिवार्य. त्यापलीकडे एक गोष्ट मोजा जी नवखे विसरतात. दहा मिनिटांत गाडी किती वेळा सुटली आणि प्रत्येक वेळी किती जागा रिकाम्या गेल्या. रांग लांब असण्याचं कारण अनेकदा गर्दी नसते. ऑपरेटर एकट्या माणसाला शेवटच्या रिकाम्या सीटवर बोलावत नाही, किंवा चपला काढायला आणि पिशव्या ठेवायला सांगायला उशीर करतो, हे कारण असतं.

आता फलाटावर काय बघायचं ते बारकाईने सांगतो. इमॅजिकातल्या नायट्रोसारख्या कोस्टरमध्ये पायाखाली फळी नसते, पाय लोंबकळत राहतात. अशा राइडला बसलात की क्रम लक्षात ठेवा. पादत्राणं, चष्मा, मोबाइल यांबद्दल सूचना झाली का, आणि कोणत्या भाषेत? खांद्यावरचा हार्नेस खाली आल्यावर ऑपरेटर तुमच्यापर्यंत चालत आला का? त्याने हार्नेस वर ढकलून पाहिला का? बेल्ट खेचून पाहिला का? तुमच्याकडे बघितलं का? दुसऱ्या बाजूच्या सहकाऱ्याला अंगठा किंवा हात दाखवला का, आणि त्याचा इशारा येईपर्यंत थांबला का? यातली एकेक गोष्ट फॉर्ममध्ये वेगळा प्रश्न म्हणून येते. स्वतःच्या सीटचंच खात्रीने लिहा. मागच्या रांगेत काय झालं ते तुम्हाला हार्नेसमधून दिसलेलं नसतं.

मुद्दाम नियम मोडून बघायचा नाही. बेल्ट सैल ठेवणं, उंची कमी असलेल्या मुलाला टाचा उंचावून उभं करणं, चालत्या राइडवर मोबाइल काढणं हे ‘तपासणी’ म्हणून करायला जाऊ नका. ब्रीफमध्ये कुणी असं लिहिलं असेल तर असाइनमेंट परत करा.

आणि आपण सुरक्षा निरीक्षक नाही हे लक्षात असू द्या. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळच्या पार्कात लंबकासारखी झुलणारी राइड चालू असताना तुटून खाली आली आणि दोघांचा जीव गेला. धातूतला असा दोष तिकीट काढून बसलेल्या माणसाला दिसत नसतो. त्यासाठी अभियंते आणि तांत्रिक तपासणी लागते. म्हणून ‘राइड सुरक्षित आहे’ असं वाक्य रिपोर्टमध्ये कधीही लिहू नका. ‘माझा हार्नेस ऑपरेटरने दोनदा तपासला’ एवढंच तुम्ही सांगू शकता. मात्र बंदिस्त शो, भुताचं घर, गेम झोन अशा ठिकाणी आपत्कालीन दार कुठे आहे ते आत शिरतानाच बघा. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनला लागलेल्या आगीत पंचवीसहून जास्त माणसं गेली. दारासमोर खोके रचलेत, दाराला कुलूप आहे, ‘एक्झिट’चा दिवा बंद आहे, हे कुणालाही दिसतं आणि ते लिहायलाच हवं.

डोळ्यांसमोर खरा धोका दिसला, म्हणजे लॉक न झालेला बार, पाण्यात गटांगळ्या खाणारं मूल किंवा उघडी वायर, तर गुप्तता गेली खड्ड्यात. जवळच्या कर्मचाऱ्याला तिथल्या तिथे सांगा आणि नंतर एजन्सीला कळवा.

पावसाळ्यात खोपोली-लोणावळ्याकडे काम घेतलंत तर जोरदार पावसात किंवा विजा चमकताना उघड्यावरच्या राइड थांबवतात. त्याला दोष देऊ नका. राइड थांबल्याचं रांगेतल्या लोकांना कुणी येऊन सांगितलं का, की सगळे तसेच ताटकळले, ते लिहा. ब्रीफमधली राइड बंद असेल तर बंद असल्याच्या पाटीचा फोटो काढा आणि तेव्हाच एजन्सीच्या माणसाला मेसेज टाका. बदली राइड सांगतात.

७. पाण्यात

लाइफगार्डकडे नीट बघायला शिका. या क्षेत्रात १०/२० म्हणून एक निकष चालतो: आपल्या हद्दीतल्या पाण्यावरून दहा सेकंदांत नजर फिरली पाहिजे, आणि संकट दिसल्यापासून वीस सेकंदांत तिथे पोचता आलं पाहिजे. तुम्ही स्टॉपवॉच लावायची गरज नाही. काठावर पाच मिनिटं बसा आणि बघा, त्याची मान फिरते आहे का, तो सहकाऱ्याशी गप्पा मारतोय का, ड्युटी बदलताना दुसरा जागेवर येईपर्यंत पहिला थांबतो का. स्लाइडच्या माथ्यावरचा माणूस पुढचा खाली पोचल्याची खूण मिळाल्यावरच तुम्हाला सोडतो का, हेही. बुडायचं नाटक करून लाइफगार्डला तपासायचं नाही. ते काम करणारी प्रशिक्षित मंडळी वेगळी असतात.

आपल्याकडच्या वॉटर पार्कात एक भाग असा आहे, जो फॉर्ममध्ये दोन ओळींत असतो आणि प्रत्यक्षात सगळ्यात मोठा असतो. बायका-मुलींना तिथे किती निर्धास्त वाटतं? वेव्ह पूलमध्ये आणि रेन डान्सला पुरुषांचे घोळके असतात, ऑफिसच्या पिकनिका असतात, डीजे लागला की धक्काबुक्की होते. तेव्हा सुरक्षारक्षक कुठे उभा असतो? कुणी शिट्टी वाजवून हटकतो का? चेंजिंग रूमच्या कड्या लागतात का, वर-खाली फटी आहेत का, दाराबाहेर कुणी रेंगाळत असेल तर हाकलतात का? हे बघायला सोबतीला घरची बाई असेल तर तिचीच नोंद प्रमाण माना. पुरुष ऑडिटरांच्या नजरेतून यातलं निम्मं सुटतं.

पोशाखाचा वाद ठरलेला. सुती कपडे पाण्यात चालत नाहीत, नायलॉन-लायक्रा लागतं. हे तिकीट काढताना सांगितलं की आत गेल्यावर, भाड्याच्या कपड्यांचा दर लावलेला होता का, कपडे धुतलेले वाटत होते का, डिपॉझिट परत देताना किती वेळ उभं केलं, अशी चार वाक्यं पुरतात.

८. खाणं आणि स्वच्छतागृह

ऑर्डर दिल्याची आणि ताट हातात आल्याची वेळ. वडा गरम होता का, सामिष-शाकाहारी चमचे वेगळे होते का, टेबल पुसलेलं होतं का. बिल मागू नका, आपोआप मिळतं का ते बघा. न मागता बिल न देणारा काउंटर ही मालकाच्या दृष्टीने मोठी बातमी असते. बिलावर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक (अन्नसुरक्षा परवान्याचा) छापलेला असायला हवा. पाण्याच्या बाटलीवरची छापील किंमत आणि घेतलेले पैसे ताडून बघा. दुकानात किंवा स्टॉलवर छापील किमतीपेक्षा जास्त घेणं कायद्याला धरून नाही, मग ते पार्क असो की एसटी स्टँड. कॅशलेस कार्ड किंवा मनगटपट्टी असेल तर उरलेले पैसे संध्याकाळी परत घेऊनच निघा, कारण पार्कातली सगळ्यात चिडकी रांग तीच असते.

स्वच्छतागृहात दोनदा जा, एकदा सकाळी आणि एकदा चारनंतर. अकरा वाजता सगळीच चकचकीत असतात. साबण, कडी, दिवा, जमिनीवरचं पाणी, आणि दारामागच्या सफाईच्या तक्त्यावरची शेवटची सही किती वाजताची आहे. कधीकधी दुपारी तीनला संध्याकाळी पाचचीही सही झालेली दिसते. एका पार्कात हे पाहिल्यावर मला मालकाइतकीच त्या मावशींचीही काळजी वाटली होती, कारण एवढ्या मोठ्या ब्लॉकला त्या एकट्याच होत्या. ‘या ब्लॉकला एकच कर्मचारी दिसली’ ही ओळही मी रिपोर्टमध्ये घातली. फॉर्ममध्ये तसा प्रश्न नव्हता, शेवटच्या मोकळ्या रकान्यात लिहिली.

९. ठरवलेली तक्रार

काही ब्रीफमध्ये छोटी तक्रार करून प्रतिसाद बघायला सांगतात: चहा गार आहे, फोटोची प्रिंट अंधुक आली. एकदाच, साध्या आवाजात सांगा. समोरच्याने ऐकून घेतलं का, माफी मागितली का, स्वतः सोडवलं की सुपरवायझरला बोलावलं. तो चिडला तरी तुम्ही चढायचं नाही, आणि ‘तुझी नोकरी घालवीन’ छापाचं बोलणं तर अजिबात नाही.

१०. रिपोर्ट

दिवसभराची मेहनत इथेच तरते नाहीतर बुडते. एक उदाहरण घ्या. नवखा लिहितो:

‘लॉकर काउंटरवरचा मुलगा फारच उद्धट होता. त्याला कामात रस नव्हता.’

हे परत येतं, कारण यातून पार्कला काहीच करता येत नाही. हाच प्रसंग असा लिहा:

‘१०:५२ ला लॉकर काउंटरवर पोचलो. पुढे दोन ग्राहक होते. कर्मचारी (बॅज नव्हता, पुरुष, अंदाजे पंचविशीचा, चष्मा, निळा टी-शर्ट) मोबाइलवर बोलत होता. १०:५६ ला आमचा नंबर आला. “किती?” एवढंच विचारलं. डिपॉझिट परत कसं मिळेल हे सांगितलं नाही. मी विचारल्यावर भिंतीवरच्या बोर्डकडे बोट दाखवलं. पावती दिली. किल्ली चालत नव्हती, ती लगेच बदलून दिली.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. दिवस वाईट गेला की चांगलं झालेलं हातून गळतं. आपण लिहिलेल्या कागदावरून कुणाचा इन्सेन्टिव्ह कापला जातो, कुणाची बदली होते. पंधरा-वीस हजारांवर बारा तास उन्हात उभ्या असलेल्या पोराबद्दल आपण लिहितोय हे ध्यानात ठेवून जे पाहिलं तेच लिहा, तिखट-मीठ लावू नका. उलटही तितकंच खरं: ‘बिचारा, जाऊ दे’ म्हणून ऑपरेटरने न तपासलेल्या बारला ‘हो’ लिहिलंत तर पुढच्या माणसाच्या जिवाशी खेळताय.

रिपोर्ट बहुतेक वेळा इंग्रजीत भरायचा असतो. इंग्रजी साधं चालतं, पण कर्मचाऱ्याचं बोलणं मूळ मराठी-हिंदीतच अवतरणात द्या. ‘क्या है?’ आणि ‘बोला ना साहेब’ यांतला फरक भाषांतरात मरतो. गुण आणि शेरा एकमेकांशी जुळतात का, बिलावरची वेळ आणि तुम्ही लिहिलेली वेळ जुळते का, हे पाठवण्याआधी तपासा. दुसऱ्या दिवशी तपासनिसाचा फोन येतो तो नेमका याच विसंगतींवर, तेव्हा मूळ नोंदी आणि बिलं पैसे जमा होईपर्यंत फेकू नका.

नंतरचं

त्या दिवसाचे फोटो ‘मिस्टरी ऑडिट झालं’ म्हणून इन्स्टाग्रामवर टाकायचे नाहीत, पार्कला गूगलवर रिव्ह्यू द्यायचा नाही, ओळखीच्यांना आतल्या गोष्टी सांगायच्या नाहीत. करारात बहुधा हे लिहिलेलंच असतं. अनोळखी बायका-मुलांचे फोटो तर काढूच नका, आणि करारात स्पष्ट परवानगी नसेल तर लपून व्हिडिओही नाही.

फीमधून टीडीएस कापला गेला तर तो प्राप्तिकर खात्याच्या साइटवर तुमच्या नावावर दिसतो. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के कापतात, म्हणून तो नोंदणीच्या वेळीच भरा. तिकिटाची परतफेड आणि फी एकत्र जमा झाली तर कोणती रक्कम कशाची आहे हे एजन्सीकडून मेलवर मागून ठेवा, रिटर्न भरताना शोधाशोध होत नाही.

तेच पार्क लगेच पुन्हा मिळत नाही. चेहरा ओळखीचा होऊ नये म्हणून एजन्सी काही महिने मध्ये सोडते. तोवर एखादं मल्टिप्लेक्स, फूड कोर्ट, लहान मुलांचा प्ले झोन अशी छोटी कामं घेत राहा. वेळा आणि नावं लक्षात ठेवायचा हात त्यातच बसतो. आणि उन्हाळ्याच्या सुटीआधी प्रोफाइलमध्ये मुलांची नवी उंची भरून टाका.